खेळाची बाग आणि जुनी झाडं: देखभालीची फेरी कशी मारावी

वस्तीतल्या बागेत दोन गोष्टी जिवापाड जपायच्या असतात: खेळणारी मुलं आणि आपल्या कितीतरी आधीपासून उभी असलेली झाडं. बहुतेक बागांमध्ये त्यांची जबाबदारी दोन वेगळ्या माणसांवर असते. खेळणी बसवणाऱ्याला मुळं कुठवर गेली आहेत ते ठाऊक नसतं, आणि माळी झोक्याखाली काय पसरलंय ते पाहत नाही. नुकसान होतं ते दोघांच्या मधल्या जागेत, म्हणजे जमिनीत. तुडवून दगड झालेल्या जमिनीवर पडलेल्या मुलाचं डोकं फुटतं, आणि त्याच जमिनीत झाडाची मुळं गुदमरतात. म्हणून ही फेरी पायाखालून सुरू करायची आणि शेंड्यापर्यंत न्यायची.

सोबत एवढं घ्या: लांब मोजपट्टी, कापडी टेप, लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडा, दाताळं, छोटं खुरपं, नट आवळायचे पाने, जमल्यास दुर्बीण, आणि एक वही. शिवाय जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापून ठेवा: एक ८९ × १५७ मिमीचा आयत आणि एक २३० मिमी व्यासाची चकती. त्यांचं काम पुढे येईल.

आधी नकाशा

कागदावर बागेचा ढोबळ आराखडा काढा. मग प्रत्येक मोठ्या झाडाच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर मोजा. घेराला ३.१४ने भागलं की व्यास मिळतो, आणि व्यासाला १२ने गुणलं की मुळांच्या संरक्षित वर्तुळाची त्रिज्या. समजा घेर २२० सेंमी आला, तर व्यास साधारण ७० सेंमी आणि त्रिज्या ८.४ मीटर. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात हेच गणित वापरतात आणि त्रिज्येची कमाल मर्यादा १५ मीटर धरतात. नकाशावर प्रत्येक झाडाभोवती हे वर्तुळ काढा.

हे वर्तुळ म्हणजे किमान राखायची जागा. खरी मुळं त्याही पलीकडे, पानांच्या घेराच्या बाहेर बरीच लांब जातात. एका बाजूला रस्ता किंवा इमारतीचा पाया असेल तर ती दुसऱ्या बाजूला जास्त पसरतात. झाडाची मुळं खोल असतात या समजुतीने फार नुकसान केलं आहे. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या ३० सेंमीत असतात आणि एकूण मुळांपैकी बरीचशी वरच्या ६० सेंमीत. थोडक्यात, फावड्याच्या दोन घावांच्या आत.

आता खेळण्यांभोवतीची मोकळी जागा काढा. साध्या खेळण्याच्या प्रत्येक बाजूला किमान १.८ मीटर. झोक्याला पुढे आणि मागे, झोका ज्या आडव्या नळीला टांगलाय तिच्या उंचीच्या दुप्पट: नळी २.४ मीटरवर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर. या जागेत बाक, कुंपण, दगडी कठडा, खोड किंवा वर आलेलं मूळ नको. नकाशावर जिथे झाडाचं वर्तुळ आणि खेळण्याची जागा एकमेकांवर चढतात, तिथे लाल खूण करा. फेरीत सर्वात जास्त वेळ तिथेच द्यायचा आहे.

पडण्याची जागा

खेळाच्या बागेतल्या गंभीर दुखापतींचं मोठं कारण म्हणजे उंचावरून कडक जागी पडणं. म्हणून खेळण्याचा रंग किंवा वय बघण्याआधी त्याच्या खालचा थर मोजा. स्क्रूड्रायव्हर किंवा मोजपट्टी थेट खालच्या कडक जमिनीला टेकेपर्यंत खुपसा. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. झोक्याच्या बैठकीखाली, घसरगुंडीच्या टोकाशी आणि शिडीच्या पायाशी मोजा, कारण थर तिथेच सर्वात आधी उडून जातो.

कोणत्या थरावर किती उंचीवरून पडलेलं चालतं, याचे आकडे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत दिले आहेत. ते असे: २३ सेंमी वाळू साधारण १.२ मीटर उंचीपर्यंत, २३ सेंमी गुळगुळीत बारीक गोटे १.५ मीटरपर्यंत, २३ सेंमी लाकडाचा जाडसर चुरा (मल्च) २.१ मीटरपर्यंत, २३ सेंमी लाकडाच्या चिपा ३ मीटरपर्यंत आणि १५ सेंमी रबराचे तुकडे ३ मीटरपर्यंत. ही जाडी दबून बसल्यानंतरची आहे. नवीन थर वापराने जवळजवळ पाव भागाने खाली बसतो, म्हणून २३ सेंमी हवे असतील तर ३० सेंमी टाका.

पडण्याची उंची कुठून मोजायची यात नेहमी गोंधळ होतो. मचाणावरून पडण्याची उंची म्हणजे मचाणाचा तळ, पण झोक्यासाठी ती टांगलेल्या नळीपर्यंतची उंची धरतात, कारण मूल पूर्ण झोकात असताना तिथवर पोचू शकतं. याचा अर्थ असा की २.४ मीटर उंच झोक्याखाली २३ सेंमी वाळू पुरत नाही. वाळू पाहून निर्धास्त झालेल्या किती बागांमध्ये हा हिशेब चुकलेला असेल! अशा ठिकाणी चिपा टाका किंवा झोक्याची उंची कमी करा.

डांबर, काँक्रीट, फरशी यांच्यावर कोणतंही उंच खेळणं नको, मग वर पातळ चटई का असेना. गवतावरही भिस्त ठेवू नका. झोक्याखालचं गवत काही आठवड्यांत जातं आणि उरते ती पायांनी चेचलेली माती. ओतीव रबराच्या फरशा कोऱ्या असताना छान असतात, पण उन्हाने कडक होतात, सांध्यांवर चिरतात, कडा उचलून ठेचा लागतात. अंगठ्याने दाबून पाहा. नव्या कोपऱ्यात आणि झोक्याखाली लागणारा जोर वेगळा असेल तर तिथली पडण्याची चाचणी पुन्हा करून घ्यावी लागेल.

सुट्या थराची देखभाल सोपी आहे, फक्त नेमाने करावी लागते. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने बाजूला उडालेला माल परत मध्ये ओढा. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी थराच्या आत रबरी चटई पुरली तर खड्डा पडायचा वेग कमी होतो. खेळण्याच्या खांबावर ‘थर इथपर्यंत’ अशी रंगाची रेघ ओढून ठेवा. मग मोजपट्टी नसतानाही कोणालाही कमतरता दिसते. वाळू महिन्यातून एकदा खोलवर उकरा, नाहीतर ती आतून घट्ट होते. काच, सुया, मांजराची घाण याच वेळी सापडते. पाणी साचत असेल तर वर नवा माल टाकून काही होणार नाही, खालचा निचरा तुंबला आहे. चिपा सतत ओल्या राहिल्या की कुजून मातीच होतात आणि त्यांचा मऊपणा संपतो. थंड प्रदेशात गोठलेला थर काँक्रीटइतकाच कडक असतो, तेव्हा खेळणी बंद ठेवणं हाच उपाय.

झोका, घसरगुंडी आणि फटी

झोक्याला सर्वात जास्त भार येतो, म्हणून तिथे हात लावून पाहा. साखळीची प्रत्येक कडी नाही, पण वरची आणि खालची पहिली तीन-चार कडी वळवून एकमेकींना घासणारी जागा तपासा. झीज तिथेच होते आणि बाहेरून दिसत नाही. साखळीवर प्लॅस्टिकची नळी असेल तर ती सरकवून आतला गंज बघा. एस आकाराचा हुक पूर्ण मिटलेला हवा. त्याच्या टोकाशी १ मिमीपेक्षा जास्त फट राहिली तर त्यात कपडा अडकतो आणि साखळी सुटूही शकते. पकडीने दाबून मिटवता येतो, पण एकदा उघडलेला हुक पुन्हा पुन्हा वाकवला की धातू थकतो. तो बदललेलाच बरा.

बैठक रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची असावी. लाकडी फळी किंवा लोखंडी पाट चालत्या झोक्यावर दुसऱ्या मुलाच्या तोंडाला लागला तर दात आणि जबडा जातो. बैठकीपासून खालच्या थरापर्यंत ३० सेंमी अंतर राखा, लहानग्यांच्या डब्यासारख्या झोक्याला ६० सेंमी. दोन बैठकांमध्ये ६० सेंमी आणि बैठक ते खांब ७५ सेंमी. एका चौकटीत दोनच झोके. तिसरा टांगला की मधल्या झोक्यावर जायला चालत्या झोक्यांमधूनच वाट काढावी लागते.

घसरगुंडीचा सरासरी उतार ३० अंशांहून जास्त नको आणि दोन्ही बाजूंच्या कडा किमान १० सेंमी उंच हव्यात. शेवटी साधारण २८ सेंमीचा आडवा भाग असला की वेग कमी होऊन मूल उठू शकतं. वरच्या टोकाला मचाण आणि घसरगुंडी यांच्या सांध्यात बारीक फट राहते, तिथे टोपीची दोरी किंवा ओढणी अडकते आणि मूल घसरत असतं. गळ्याशी बेतणारे प्रसंग असेच घडतात. ती फट पट्टी लावून बंद करा आणि फलकावर ठळक लिहा: दोरीचे कपडे, गळ्यातल्या माळा आणि सायकलचं हेल्मेट काढून खेळावं.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीच लागते. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणं धोक्याचं आहे. मुलाच्या बुटाचा तळ कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन ढकलत राहतं, आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. एकटं घसरलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं.

ऊन हा घसरगुंडीचा दुसरा शत्रू. धातूबरोबर गडद प्लॅस्टिक आणि काळं रबरही कातडी भाजेल इतकं तापतं. तळहाताची मागची बाजू ५ सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर मुलांना सोडू नका. जुनी झाडं इथे बागेला मोठी मदत करतात. दुपारच्या सावलीत येणारी घसरगुंडी दिवसभर वापरता येते. म्हणून सावली हवी, पण मुळांवर पाया नको, हा तोल साधायचा आहे. तो पुढे येतो.

आता पुठ्ठ्याचे साचे काढा. कठड्याच्या गजांमधली, शिडीच्या पायऱ्यांमधली, मचाणाच्या फळ्यांखालची प्रत्येक बंदिस्त फट तपासायची. आयत आत जात नसेल तर फट सुरक्षित. आयत जातो आणि चकतीही जाते, तरी सुरक्षित. आयत जातो पण चकती अडते, तर ती फट घातक आहे. लहान मूल पाय आधी घालून निसटतं, धड पार होतं आणि डोकं अडकतं, मग ते गळ्यावर लोंबकळतं. जिची खालची कड जमीनच आहे अशा फटीला हा नियम लागत नाही, कारण तिथे पाय टेकतात. अशी फट सापडली की त्याच दिवशी ते खेळणं बंद करा. आडवी फळी किंवा जाळी ठोकून ती बुजवता येते, मात्र त्यातून चढायला नवीन पायरी तयार होणार नाही हे पाहा.

बोल्टचे आटे नटाबाहेर दोनांपेक्षा जास्त डोकावू नयेत. जास्त असतील तर कापून, घासून टोपी बसवा. लोखंडी खांब वरून चकचकीत आणि जमिनीच्या रेषेवर कुजलेला, हे फार ठिकाणी दिसतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. खुरप्याने १०-१५ सेंमी माती बाजूला करून खांबाला हातोड्याने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर खांब गेला. लाकडी खांबात त्याच जागी स्क्रूड्रायव्हर दाबा. सहज आत शिरला तर आतून कुज आहे. एकाच खांबावर उभं असलेलं खेळणं या बाबतीत सर्वात आधी तपासा, त्याला दुसरा आधार नसतो.

झाडाकडे पाहताना

खेळण्यांना हात लावून तपासतात, झाड आधी लांबून बघायचं. झाडाच्या उंचीइतकं मागे सरा आणि चारही बाजूंनी फिरा. शेंडा वाळलाय का, एका बाजूची पानं विरळ किंवा लहान झालीत का, तुटून वरच अडकलेली फांदी आहे का. अडकलेली फांदी वारा नसतानाही पडते, म्हणून खालची जागा लगेच दोरी लावून बंद करा.

मग खोड. दोन जाड बुंधे एकमेकांना चिकटून अरुंद कोनात वर गेले असतील तर त्यांच्या मध्ये साल दबलेली असते. लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं, आणि वादळात झाड तिथून उभं फाटतं. सांध्याखाली ताजी भेग किंवा दोन्ही बाजूंना कानासारखे फुगवटे दिसले तर जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवा. रुंद कोनाच्या, मधे उंचवटा असलेल्या सांध्याची सहसा काळजी नको.

ढोली दिसली म्हणजे झाड गेलं, असं मुळीच नाही. खोडाचं मधलं लाकूड जिवंत नसतंच, आणि पोकळ झाडं दीर्घकाळ भक्कम उभी राहतात. प्रश्न असतो तो उरलेल्या भिंतीचा. चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी झाली की धोका वाढतो, असा ठोकताळा आहे. पण तो सर्व बाजूंनी बंद असलेल्या पोकळीसाठी. ढोलीचं तोंड मोठं आणि उघडं असेल तर भिंत जाड असूनही झाड कमजोर असू शकतं. ढोलीत काँक्रीट कधी भरू नका. झाड वाऱ्यात वाकतं, काँक्रीट वाकत नाही, आतून घासून नवी जखम होते आणि ओल कोंडते. कुजलेला भाग खरवडून ‘साफ’ही करू नका. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजीभोवती भिंती उभारून तिला कोंडून ठेवतं. खरवडताना आपण नेमकी तीच भिंत फोडतो.

बुंध्याशी गुडघ्यावर बसा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ रुंद होत मुळांमध्ये मिसळतो. खोड खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल तर कधीतरी भराव टाकून त्याचा पाया गाडला गेला आहे. माती हाताने हळूहळू दूर करून रुंद भाग उघडा करावा. बुंध्यावर किंवा मुळांवर फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल तर आत कूज बरीच पुढे गेलेली असते. अळंबी उपटून टाकल्याने कूज जात नाही, उलट ओळखायची खूण जाते. फोटो काढा आणि तज्ज्ञाला दाखवा. झाड पूर्वीपासून कललेलं असेल आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असेल तर त्याने स्वतःला सावरलेलं आहे. नव्याने कललेलं झाड, विरुद्ध बाजूला उचललेली किंवा चिरलेली माती, हे मात्र तातडीचं लक्षण. बागेचा तेवढा भाग झाडाच्या दीडपट उंचीपर्यंत लगेच रिकामा करा.

धोका दिसला की पहिला विचार झाड तोडण्याचा येतो. तो शेवटचा असावा. फांदी पडून कोणी जखमी व्हायला फांदीखाली कोणीतरी असावं लागतं. बाक, वाळूचा हौद, पायवाट हलवता येते. शतकभर वाढलेलं झाड हलवता येत नाही आणि विकत आणता येत नाही. लांब आडव्या, जड फांद्या गरम आणि निवांत दुपारीही अचानक तुटू शकतात, म्हणून त्यांच्या खाली बसायची जागा करूच नका. झुडपं लावा, लोक आपोआप दूर राहतात.

मुळांवरची माती

पावसानंतर एक दिवसाने झाडाच्या वर्तुळात स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. बागेच्या न तुडवलेल्या कोपऱ्यात तो सहज २० सेंमी जात असेल आणि झाडाखाली ५ सेंमीवर अडत असेल, तर माती घट्ट झाली आहे. दोन्ही टोकं उघडी असलेला डबा ५ सेंमी रोवून त्यात २.५ सेंमी पाणी ओता आणि जिरायला लागणारा वेळ दोन्ही ठिकाणी मोजा. घट्ट मातीत पोकळ्या उरत नाहीत, त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी वरून वाहून जातं. झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षं तग धरतं. म्हणूनच मुळांवर घाव घातल्यावर तीन-पाच वर्षांनी शेंडा वाळतो आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

उपाय महाग नाही. वर्तुळातली रहदारी थांबवा आणि ५ ते १० सेंमी जाडीचं लाकडी चिपा किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा, जमेल तितकं रुंद. खोडाभोवती १५ सेंमी जागा मोकळी सोडा. सालीला चिकटून रास केली की साल ओलसर राहते आणि कुजते. आच्छादनामुळे गवत कापायचं यंत्रही खोडापासून दूर राहतं. त्याची फिरती दोरी सालीखालचा जिवंत थर कापते, आणि पूर्ण घेरभर असं झालं तर झाड मरतं. यंत्राने नांगरून माती मोकळी करायचा प्रयत्न करू नका, मोकळी होण्याआधी मुळंच कापली जातील. फारच घट्ट जागी दाबाच्या हवेने माती सैल करणारं उपकरण तज्ज्ञांकडे असतं.

छाटणीतून निघालेल्या चिपा झाडाखाली उत्तम. खेळण्याखाली मात्र त्या तशाच टाकू नका. त्यात काटे, काड्या आणि टोकदार तुकडे असतात, आणि पडताना लागणारा धक्का त्या किती झेलतात याची चाचणी झालेली नसते.

कोरड्या दिवसांत पाणी खोडाशी न घालता पानांच्या घेराखाली आणि बाहेर, सावकाश, ३० सेंमी खोल ओल जाईपर्यंत द्या, मग माती सुकत येईपर्यंत थांबा. हिरवळीचे फवारे रोज खोडावर उडत असतील तर त्यांची दिशा बदला. मुळांवर भराव, अगदी १५ सेंमीचाही, टाकू नका. खोडाभोवती काँक्रीटचा ओटा बांधू नका. दिव्यांच्या तारा, खिळे, फलक खोडात रुततात. वडाच्या पारंब्या मुलांच्या डोक्याला लागतात म्हणून सरसकट कापल्या जातात, पण जमिनीत पोचलेली पारंबी त्या फांदीचा खांब असतो. ती ठेवा आणि वाट बाजूने वळवा.

नवीन खेळणं बसवताना

पहिला पर्याय म्हणजे सगळे पाये वर्तुळाबाहेर. झाडाच्या सावलीचा कल पाहिला तर बहुधा जागा सापडते, कारण सावली दुपारी झाडापासून बाजूला सरकते. बाहेर जागा नसेलच, तर खड्डा हाताने खणा. २५ मिमीपेक्षा जाड मूळ लागलं तर मूळ न कापता खड्डा सरकवा. काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्याऐवजी जमिनीत पिळून बसवायचे स्क्रू पाये वापरता आले तर मुळांना फार कमी इजा होते. सिमेंट वर्तुळाबाहेरच कालवा आणि भांडी तिथेच धुवा, सिमेंटचं पाणी मातीचा कस बिघडवतं. खडी, वाळूचे ढीग आणि गाड्या झाडाखाली एक दिवसही नकोत. काम सुरू होण्याआधीच वर्तुळाभोवती पक्कं कुंपण उभारा. पांढऱ्या फक्कीची रेघ कोणी पाळत नाही.

वर्तुळातून पायवाट न्यायचीच असेल तर न खणता न्या: जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम) कापड, त्यावर मधमाशीच्या पोळ्याच्या रचनेची प्लॅस्टिक जाळी, आत बारीक चुरा नसलेली टोकदार खडी. भार पसरतो आणि हवा-पाणी खाली जातं. मुळाने उचललेल्या फरशा दुरुस्त करताना मूळ तासू नका, फरशी काढून वाट थोडी उंच करा. झोका झाडाच्या फांदीला टांगू नका. दोरी साल कापते, आणि सततच्या हिसक्यांमुळे फांदीचा सांधा थकतो.

रोपं लावताना मुलं पानं, बिया तोंडात घालतात हे गृहीत धरा. कण्हेर, धोतरा आणि एरंड खेळाच्या जागेजवळ नको.

छाटणी

जुन्या झाडाची छाटणी म्हणजे वाळलेलं आणि धोकादायक तेवढंच काढणं. तरुण झाडाचीही एका हंगामात पाव भागापेक्षा जास्त पानं काढत नाहीत, म्हाताऱ्याला तर दहावा हिस्साही जड जातो. शेंडा छाटणं पूर्ण टाळा. तिथे फुटणारे कोंब सालीजवळून वरवर जोडलेले असतात आणि जाड झाल्यावर तेच मोडून पडतात.

हाताच्या टप्प्यातली फांदी तीन कापांत काढा. पहिला काप खोडापासून ३० सेंमीवर, खालच्या बाजूने, फांदीच्या चौथ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून खाली, फांदी पडेपर्यंत. तिसरा उरलेल्या खुंटाला, फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. पहिला काप विसरला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. कडं कापलं तर जखम मिटत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. कापावर रंग किंवा डांबर लावायची गरज नसते, त्याने कूज थांबत नाही. शिडी लागणारं किंवा खांद्याच्या वर करवत न्यावी लागणारं काम प्रशिक्षित माणसाचंच. आधी घरटी आणि वटवाघळं आहेत का ते पाहा, आणि छाटणीला परवानगी लागते का ते स्थानिक प्रशासनाकडे विचारा. खेळण्यांपासून दूरच्या वाळक्या फांद्या आणि ओंडके राहू द्या, पक्षी आणि किडे त्यावरच जगतात.

किती वेळा

रोज किंवा आठवड्यातून काही वेळा नजरेची फेरी: काच, तुटकी बैठक, लोंबती फांदी. एक ते तीन महिन्यांनी हात लावून तपासणी: साखळ्या, हुक, बेअरिंग, थराची जाडी. वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी, जमिनीतल्या पायांसकट. युरोपच्या ईएन ११७६ या खेळण्यांच्या मानकात हीच तीन पायऱ्यांची पद्धत आहे. झाडं पानं असताना एकदा आणि पानगळीची असतील तर निष्पर्ण असताना एकदा पाहा, फांद्यांचे सांधे तेव्हाच स्पष्ट दिसतात.

वादळानंतर बाग उघडण्याआधी वेगळी फेरी मारा, आधी वर बघत आणि मग खाली. ढगांचा पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना इमारतीत न्या, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू देऊ नका.

वहीत प्रत्येक झाडाला आणि खेळण्याला क्रमांक द्या. तारीख, काय दिसलं, काय केलं, कोणी केलं, एवढ्या चार रकान्यांत काम भागतं. झाडाचा फोटो दरवेळी एकाच जागेवरून घ्या, म्हणजे विरळ होणारा शेंडा दोन वर्षांच्या फोटोंमध्ये उघड दिसतो. नादुरुस्त झोक्याला नुसती पट्टी बांधू नका, मुलं ती तासाभरात काढतात. साखळ्या उतरवून कुलपात ठेवा आणि सुटा भाग आल्यावरच परत चढवा.